फर्निचरसाठी किल्ली

कोल्हापुरात नव्या अपार्टमेंटमधला फ्लॅट पुष्कळदा दोन टप्प्यांत हातात येतो. आधी बिल्डर किल्ली देतो, "फर्निचर सुरू करा, तोवर कंप्लिशन येतंयच," असं सांगून. रीतसर ताबा पुढे कधीतरी, ते 'कंप्लिशन' म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर. घेणाऱ्यालाही घाई असतेच. बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो, भाड्याच्या घराचं भाडं चुकत नाही, पाडवा नाहीतर दसरा तोंडावर आलेला असतो. किल्ली मिळाली की दुसऱ्या दिवशी सुतार माप घ्यायला येतो. आठवड्याभरात स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत खाली येते, बाल्कनीला स्लायडिंगच्या खिडक्या बसतात. वास्तुशांत होते, घरातलं एखादं लग्नकार्यही पार पडतं, आणि कंप्लिशन मात्र आलेलं नसतं.

या प्रकरणात त्या किल्लीबद्दल बोलायचं आहे. फ्लॅटधारकाने आपल्या घरात केलेली मोडतोड आणि बिल्डरने मंजुरीत ठेवलेली कसर ही दोन निराळी भांडणं मानली जातात. पहिलं असोसिएशनच्या मीटिंगमध्ये होतं, दुसरं ग्राहक आयोगात किंवा महारेरापुढे. माझं म्हणणं असं की दोन्ही भांडणं एकाच कागदाची आहेत. तो कागद म्हणजे महापालिकेचा शिक्का असलेला मंजूर नकाशा. तो बिल्डरला जितका बांधतो तितकाच फ्लॅटधारकालाही बांधतो, आणि ज्याने स्वतःच्या घरात तो मोडला त्याची बिल्डरविरुद्धची बाजू तिथूनच कमजोर व्हायला लागते.

हा नकाशा हातात घेऊन वाचलेले फ्लॅटधारक फार थोडे. विक्रीच्या वेळी समोर येतं ते रंगीत माहितीपत्रक. त्यात सोफा, पलंग, कुंड्या काढलेल्या असतात. मंजूर नकाशात प्लॉटची हद्द जाड काळ्या रेघेत असते, नवं बांधकाम लाल रंगात, पाडायचं काम पिवळ्या रेघांनी, सांडपाण्याची लाइन लाल तुटक रेघेत. सोबत क्षेत्रफळाचा तक्ता असतो: प्लॉट किती, रस्तारुंदीत किती जागा सोडायची, एफएसआय किती वापरला, किती गाड्यांचं पार्किंग द्यायचं. कोणती जागा खोली, कोणती बाल्कनी, कोणती टेरेस, कुठे डक्ट हे त्यावर लिहिलेलं असतं. माहितीपत्रकातली 'स्टडी रूम' या नकाशात बाल्कनी असू शकते. 'खास तुमच्या फ्लॅटला जोडलेली टेरेस' ही सगळ्यांची सामाईक गच्ची असू शकते. पैसे देण्याआधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास पुढची काही वर्षं वाचवू शकतो.

शिक्का कोणाचा, हा प्रश्न कोल्हापुरात इतर शहरांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. इथली नगरपालिका १८५४ सालची, महापालिका १५ डिसेंबर १९७२ ची. त्यानंतर शहर वाढत गेलं, पण पन्नास वर्षं महापालिकेची हद्द तीच राहिली. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क भरत आले तशी वस्ती पाचगाव, कळंबे, उचगाव, उजळाईवाडीकडे सरकली. तिथे राहणारा माणूस स्वतःला कोल्हापूरकरच म्हणवतो, पण त्याच्या इमारतीला महापालिकेने परवानगी दिलेली नसते. २०१७ मध्ये शासनाने ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमलं. त्याआधीच्या काळात नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधकामं उभी राहण्याचा प्रकार राज्यभरातल्या शहरांच्या कडेला झाला. ग्रामपंचायतीचा अधिकार गावठाणापुरता. गावठाणाबाहेरच्या बिगरशेती जागेवर चार मजली इमारत फक्त सरपंच-ग्रामसेवकाच्या सहीवर उभी असेल, तर तिचा मंजूर नकाशा कायद्याच्या नजरेत नाहीच. असा फ्लॅट दुसऱ्यांदा विकायला काढला आणि नव्या गिऱ्हाइकाच्या बँकेने कागद मागितले की हे उघडकीला येतं.

नियमावली कोणती, हेही पाहावं लागतं. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडून सगळ्या राज्याला लागू होणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. त्याआधी बाल्कनीसारख्या काही बाबींना एफएसआयमधून सवलत मिळायची आणि बाल्कनी बंद करायची तर अधिमूल्य भरून परवानगी घ्यावी लागायची. आता बाल्कनीचं क्षेत्र मोजलंच जातं, आणि त्याबदल्यात निवासी इमारतीला प्रस्तावित एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र अधिमूल्य भरून मिळतं. म्हणून शेजारच्या इमारतीत चालतं ते आपल्यात चालेल असं गृहीत धरू नये. दोन्ही इमारतींच्या मंजुरीचं साल वेगळं असेल तर हिशेबही वेगळा असतो.

आता त्या राहून गेलेल्या कंप्लिशनकडे येऊ. महाराष्ट्रात फ्लॅटच्या विक्रीला बांधणारा पहिला मोठा कायदा १९६३ चा, म्हणजे 'मोफा'. त्यातलं एक कलम फ्लॅट घेणाऱ्यांना सहसा कोणी वाचून दाखवत नाही. पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा द्यायचा नाही असं त्यात आहे, तसंच फ्लॅट घेणाऱ्यानेही ताबा घ्यायचा नाही असं आहे. फर्निचरसाठी घेतलेली किल्ली याच बंदीच्या कडेवर उभी असते. सुतारकाम चालू असेपर्यंत ती कदाचित निभावेल. गॅसची शेगडी आणि देव्हारा आत गेले की तो राहता ताबा झाला, मग कागदावर त्याला काहीही नाव द्या.

इथे एक समज फार पक्का रुजलेला आहे. "घरफाळा भरतोय की आपण! बिल येतंय म्हणजे इमारत अधिकृत." बाहेरगावचे लोक ज्याला मालमत्ता कर म्हणतात तो कोल्हापुरात घरफाळा, आणि त्याच्या पावतीवर लोकांचा फार भरवसा. पण करआकारणी आणि बांधकाम मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी. महापालिका अधिनियमात अनधिकृत बांधकामावर कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद आहे, आणि अशी वसुली झाली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही त्यातच म्हटलं आहे. पावती सांगते की तिथे एक बांधकाम आहे आणि त्याचा कर भरला गेला आहे. त्यापलीकडे ती काही सांगत नाही.

भोगवटा नसल्याची किंमत काय असते, हे मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात नीट दिसतं. सभासदांनी १९९७ मध्ये भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेतला. ते प्रमाणपत्र आलंच नाही. परिणामी संस्थेला मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागली, दरवर्षी. २०१४ मध्ये राज्य ग्राहक आयोगाने बिल्डरला ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र मिळवून द्यायला सांगितलं. तेही झालं नाही. मग जादा भरलेले पैसे परत मिळावेत म्हणून संस्था राष्ट्रीय आयोगाकडे गेली. आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण ग्राहक कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. भोगवटा प्रमाणपत्र न देणं ही एकदाच घडून संपलेली चूक नाही, ती रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत संपल्याचा बचाव बिल्डरला घेता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल कोल्हापुरातल्या प्रत्येक बिनकंप्लिशनच्या अपार्टमेंटने छापून नोटीस बोर्डावर लावावा. "पंधरा वर्षं झाली, आता कोण ऐकणार?" हा प्रश्न त्याने निकालात काढला आहे.

बिल्डर भोगवटा का आणत नाही? दर वेळी लबाडी असते असं नाही. रस्तारुंदीची जागा हस्तांतरित करायची राहिलेली असते, अग्निशमनचा दाखला अडलेला असतो, अधिमूल्याचा शेवटचा हप्ता थकलेला असतो. पण बरेचदा जागेवरची इमारत आणि नकाशातली इमारत जुळत नाही हेच खरं कारण असतं. समासात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, जिना सरकलेला असतो, पार्किंगमध्ये दुकानगाळा उतरलेला असतो, गच्चीवर एक खोली चढलेली असते. महापालिकेचा अभियंता नकाशा घेऊन पाहणीला आला की या गोष्टी दिसणारच. म्हणून पाहणीच मागितली जात नाही.

आणि इथेच ती फर्निचरची किल्ली भांडणात शिरते. समजा, बारा फ्लॅटची इमारत आहे आणि बिल्डरने खरोखर अर्ज केला आहे. पाहणीच्या दिवशी बारापैकी सात बाल्कन्या बंद दिसतात, दोन घरांत बाल्कनीची भिंत पाडून खोली वाढवलेली आहे, एकाने डक्टमध्ये स्लॅब टाकून कपडे धुण्याची जागा केली आहे. अभियंता हरकत लिहितो. बिल्डरच्या हातात आयतं उत्तर येतं: "मी नकाशाप्रमाणे बांधलं, बदल यांनी केले." त्याने समासात सरकवलेला जिना या गोंधळात झाकून जातो. पुढे आयोगात वकील हेच फोटो लावतो. फ्लॅटधारकांची तक्रार खरी असूनही तिच्यातली अर्धी ताकद अशी वाया जाते. इमारत अजून बिल्डरच्या नावावरच्या परवानगीखाली असताना तिच्यात हात घालणं म्हणजे त्याच्या चुकीवर आपली सही करण्यासारखं आहे.

घरात काय बदलता येतं? रंग, गिलावा, जुनी फरशी काढून नवी घालणं, दारं-खिडक्यांची पालटापालट, ओट्याचं काम, फॉल्स सीलिंग यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. असोसिएशनला कळवणं आणि खरमाती उचलण्याची सोय करणं एवढं पुरतं. रचनेला हात लागला की गणित बदलतं. २०१६ च्या रेरा कायद्यात 'किरकोळ बदल' म्हणजे काय नाही, हे स्पष्ट केलेलं आहे. क्षेत्र वाढवणं, उंची बदलणं, भिंत किंवा भिंतीचा भाग उभारणं, काढणं किंवा कापणं, तसंच कॉलम, बीम, स्लॅब यांना छेद देणं, यातलं काहीही किरकोळ नाही. 'एक पार्टिशनची भिंत तर काढली' हे वाक्य कायद्याला मान्य नाही.

कोल्हापुरात पुष्कळ इमारती सोसायटी म्हणून न नोंदवता १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून नोंदवलेल्या आहेत. त्या कायद्याचं आठवं कलम आणखी कडक आहे. इमारतीच्या मजबुतीला किंवा सुरक्षिततेला धोका पोचेल असं काम कोणीही करायचं नाही, आणि महत्त्वाचं नवं बांधकाम जोडायचं तर इतर सगळ्या फ्लॅटधारकांची संमती आधी घ्यायची. सगळ्यांची, बहुमताची नव्हे. "अध्यक्षांना विचारलं होतं" एवढ्यावर हे कलम भागत नाही.

कायद्याने एवढं ताणून का धरावं, हे आरसीसीच्या रचनेत पाहिलं की पटतं. भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि तिथून पायात जातो. मधल्या विटांच्या भिंती पडद्यासारख्या भरलेल्या असतात, म्हणून त्या निरुपयोगी आहेत असं गवंडी सांगतो. उभ्या भारापुरतं ते बव्हंशी खरं आहे. पण शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरावर नंतर चढवलेल्या मजल्यांत भिंतीच भार घेतात, आणि बाहेरून गिलावा सारखाच दिसतो. जुन्या घराचा सज्जा तर त्याच्यावर उभ्या असलेल्या भिंतीच्या वजनाने दाबून धरलेला असतो. वरची भिंत काढली की सज्जा पुढे कलतो.

बाल्कनीची गोष्ट तर आणखी नाजूक. दोन बीमवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळ्या खालच्या अंगाला असतात, कारण ताण तिथे येतो. एकाच बाजूने धरलेल्या बाल्कनीत ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून सळ्या वर असतात, फरशीच्या लगेच खाली. जुनी फरशी काढताना ब्रेकर खोल गेला की नेमक्या त्याच सळ्या उघड्या पडतात नाहीतर तुटतात. त्यानंतर पाणी मुरतं, सळी गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटायला लागतात. हे काम वरच्या मजल्यावर झालं आणि पापुद्रे खालच्या मजल्यावरच्या डोक्यावर पडले, असं घडतं. भांडण मात्र 'गळती'च्या नावाने होतं.

वजनाचाही हिशेब करून पाहावा. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकाप्रमाणे माणसं, सामान वगैरेंचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात आणि वापरत्या गच्चीसाठी १५० किलो. जुन्या फरशीवरच दोन इंचांचा माल टाकून नवी फरशी बसवली तर दर चौरस मीटरला शंभर किलोंच्या आसपास वजन कायमचं वाढतं. खोलीच्या हिशेबातली निम्मी जागा एका फरशीने खाल्ली. गच्चीवर फूटभर मातीची बाग केली तर पाऊस पडल्यावर ती ओली माती दर चौरस मीटरला साडेपाचशे किलोंच्या पुढे जाते, म्हणजे धरलेल्या भाराच्या तिपटीहून जास्त. नऊ इंची विटांची दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंत सुमारे चार टनांची असते. ती बीम नसलेल्या जागी स्लॅबवर उभी केली तर चार टन एका रेघेवर येतात. इमारत लगेच पडत नाही, कारण रचनेत सुरक्षेचा भाग ठेवलेला असतो. पण तो भाग सगळ्या मजल्यांचा मिळून एक असतो. पहिल्याने तो वापरला, तिसऱ्याने वापरला, पाचव्याने वापरला, तर शिल्लक काय राहिलं हे कोणीच मोजलेलं नसतं.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं आणि त्या जागेत नूतनीकरण चालू होतं. त्या कामात खांबांना धक्का लावल्याची तक्रार रहिवाशांनी केली होती. तळमजला एका मालकाचा, पण त्या मजल्यावरचे कॉलम सगळ्या इमारतीचे. माझ्या फ्लॅटमधला कॉलम माझा नाही, एवढी एकच गोष्ट या प्रकरणातून कोणी लक्षात ठेवली तरी मला ते पुरेसं वाटेल. कोल्हापूरला कोयनेचा शेजार आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या अजून आठवणीत आहे. भूकंपाचा धक्का आडवा येतो, आणि आडव्या धक्क्यात त्या 'निरुपयोगी' विटांच्या भिंतीही थोडाफार आधार देतात.

आता बिल्डरच्या बदलांकडे. फ्लॅट विकले गेल्यानंतर त्याला आणखी एक मजला सुचतो, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) मिळतो, किंवा २०२० च्या नियमावलीने वाढवून दिलेलं क्षेत्र खुणावतं. मोफाच्या सातव्या कलमाप्रमाणे फ्लॅटमध्ये बदल करायला त्या फ्लॅटधारकाची आणि इमारतीच्या रचनेत बदल करायला सगळ्यांची संमती लागते. १९८६ च्या दुरुस्तीने लेआउटमधल्या इतर इमारतींच्या बाबतीत ही अट सैल केली. रेराने मंजूर नकाशा बदलायला दोन-तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी पूर्वसंमती सांगितली, आणि ती मोजताना बिल्डर स्वतः धरायचा नाही, एका कुटुंबाचे कितीही फ्लॅट असले तरी मत एकच. बिल्डरच्या नातेवाइकांच्या नावावर सहा फ्लॅट ठेवून संमती गोळा करायचा मार्ग त्याने बंद झाला.

तरी एक मार्ग उघडा ठेवण्याचा प्रयत्न होतो. करारपत्रात बारीक अक्षरात एक वाक्य असतं: नकाशात भविष्यात होणाऱ्या सर्व बदलांना खरेदीदाराची संमती राहील. करारपत्रावर सह्या होतात त्या खेळीमेळीत. बिल्डर ओळखीचा असतो, कधी एकाच तालमीतला, कधी पाहुण्यांतला, आणि त्याच्यासमोर बसून चाळीस पानं वाचणं अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. हा संकोच मी समजू शकतो, पण तो फार महाग पडतो. कांदिवलीच्या मधुविहार संस्थेच्या खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्लॉटवर एकूण काय आणि किती बांधायचं आहे हे बिल्डरने कराराच्या वेळीच पूर्ण उघड केलं पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयानेही पुढे वेळोवेळी हेच धरलं आहे की संमती विशिष्ट योजनेला, माहिती देऊन घेतलेली असावी. आधीच घेतलेली मोघम संमती ही संमती नव्हे. म्हणजे ते बारीक अक्षरातलं वाक्य सही झाल्यावरही अंतिम नसतं. नोएडातल्या सुपरटेकच्या जोड मनोऱ्यांत रहिवाशांची संमती न घेता मोकळ्या जागेत बांधलं, हा सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालातला मोठा मुद्दा होता. पुढच्या वर्षी २८ ऑगस्टला ते दोन्ही मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त केले गेले.

पार्किंगचा निकाल त्याआधीचा. स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येतं का, हा प्रश्न दहिसरच्या पांचाली संस्थेविरुद्धच्या खटल्यात बिल्डरनेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ३१ ऑगस्ट २०१० ला उत्तर आलं की नाही, ती सामाईक जागा आहे. हे कोल्हापुरात दुप्पट लागू पडतं, कारण इथे पार्किंग पुराच्या पाण्याचीही वाट असते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि शाहूपुरी, नागाळा पार्क, रमणमळा, कसबा बावडा भागातल्या कितीतरी इमारतींचे तळमजले पाण्यात होते. निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेपेक्षा उंच ठेवावं लागतं, ते याचसाठी. मोकळ्या स्टिल्टमधून पाणी येतं आणि जातं. तिथे भिंती घालून गाळा किंवा वॉचमनची खोली केली की पाणी अडतं, आत माणसं अडकतात, आणि त्या खोलीला मंजुरीही नसते.

कामातल्या दोषांसाठी रेराने ताब्यापासून पाच वर्षांची मुदत दिली आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने विनामूल्य दुरुस्ती करायची. मोफात ही मुदत तीन वर्षांची होती. बाथरूमची गळती, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, लिफ्टची बंद पडण्याची खोड, सगळं त्यात येतं. पण ज्या बाथरूमची फरशी आपण स्वतः उखडली त्याच्या वॉटरप्रूफिंगबद्दल बोलायला गेलं की आधी आपल्यालाच उत्तरं द्यावी लागतात. म्हणून ताबा घेताना, काहीही फोडण्याआधी, प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, भिंती-दारांची मापं आणि गळतीची चाचणी करून ठेवावी. काम करायचंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्यावं. त्याची फी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांच्या खर्चापुढे किरकोळ असते.

इमारत जुनी आहे, भोगवटा नाही, बिल्डर फोन उचलत नाही, अशा ठिकाणी काय करायचं? सुरुवात मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रतीने करावी. माहिती अधिकारात ती मिळते, आणि १ मे २०१७ नंतर महारेरात नोंदलेला प्रकल्प असेल तर संकेतस्थळावरच पाहता येते. मग असोसिएशनने स्वतःचा आर्किटेक्ट नेमून टेप घेऊन मजल्यागणिक फिरावं आणि तीन याद्या कराव्यात: बिल्डरने नकाशाबाहेर काय केलं, फ्लॅटधारकांनी काय केलं, आणि मुळात काहीच चुकलेलं नसून फक्त कागद अडला आहे असं काय. दुसरी यादी करताना मीटिंग तापते. ती टाळू नये, कारण तीच यादी पुढे समोरचा वकील करणार असतो. नव्या नियमावलीत बसणारं जादा काम सुधारित नकाशा देऊन आणि अधिमूल्य भरून नियमित करता येऊ शकतं. महापालिकेची पाडकामाची नोटीस आली तरी नगररचना कायद्याच्या ५३ व्या कलमाखाली बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज मुदतीत करता येतो. जे बसतच नाही ते काढावं लागतं. ज्याने केलं त्याने खर्च द्यायचा, हे त्याच बैठकीत लिहून सह्या घ्याव्यात.

बिल्डरच्या वाट्याच्या गोष्टींसाठी दारं बरीच आहेत. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे, आणि २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागण्याची सोय दिली आहे. नोंदणीकृत प्रकल्पासाठी महारेरा आहे, तक्रारीची फी ५ हजार रुपये. तिथे तडजोडीसाठी सलोखा मंचही आहे. रेरा असल्याने ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा, नाहीतर उरलेल्या एफएसआयवरचा त्याचा डोळा हटत नाही. महापालिका पाहणीच करत नसेल, अर्जावर निर्णयच देत नसेल, तर उच्च न्यायालयात रिट याचिका. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं.

आणि नव्याने फ्लॅट घेणाऱ्यासाठी १७ डिसेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. मेरठच्या एका अनधिकृत बांधकामाच्या खटल्यात न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावलेला असावा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावरच ताबा देईन, अशी हमी बिल्डरकडून घ्यावी. वीज, पाणी, ड्रेनेजची जोडणी प्रमाणपत्र पाहून द्यावी. बँकांनीही ते पाहूनच इमारतीवर कर्ज द्यावं. तेव्हा बिल्डर फर्निचरसाठी किल्ली पुढे करेल त्या दिवशी त्याला विचारायचं एवढंच: भोगवट्याचा अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्याची पोच दाखवा, आणि पाहणीत निघालेल्या त्रुटींचं पत्र आलं असेल तर तेही.